मोक्षाचा गुरुवार

आजच्या या छोटेखानी समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सुमतीताई, व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती महेंद्रराव, त्यांना नागपूरला न्यायला आलेली त्यांची कन्या प्रीती, आणि खोपटच्या या वाचनालयाचे दोन जिने गुडघ्यांची तमा न बाळगता चढून आलेल्या शब्दमित्र मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

ताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला पाच मिनिटं नुसती खाकरायला लागतात. तरी प्रयत्न करतो.

नव्या मंडळींसाठी आपली रीत सांगतो. दर गुरुवारी एक शब्द. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं तो उलगडायचा. आणि मागे दाराशी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे ना, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे. बैठक संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही. हा नियम माझा. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, तिथे फोन कुठला वाजू देतोय! डब्याशेजारची खुर्ची महेंद्ररावांची. जन्म वीज मंडळाचं उपकेंद्र सांभाळण्यात गेला, त्यामुळे राखण करायची सवय.

या गृहस्थांनी 'निर्वाण' शब्द उलगडला होता, आठवतं? मूळ अर्थ विझणं. मी मध्येच म्हणालो, दिवा विझतो तसं. तर भर बैठकीत मला म्हणाले, "दिवा नाही हो सर, आग विझवायची. लोभाची, द्वेषाची, मोहाची." मी मुकाट वहीत लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी माझी चिठ्ठी निघाली. शब्द होता 'मोक्ष'. सहा वर्षं झाली त्याला.

काय बोललो होतो मी! मुच् म्हणजे सोडणं, मोकळं करणं. आपला रोजचा 'मोकळा' त्याच घराण्यातला. 'तारण' म्हणजे पैलतीराला नेणं, त्याचं नातं तारवाशी. मग थोडी ऐट करावी म्हणून इंग्रजी सॅल्व्हेशनवर आलो. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ सुखरूप, धडधाकट. 'म्हणजे बघा,' मी म्हणालो, 'त्यांचा मोक्ष म्हणजे सुखरूप असणं.' तुम्ही माना डोलावल्या. नेमका तेव्हा डबा खडखडायला लागला.

घरी माझी बायको कुमुद अंथरुणाला खिळलेली होती. तिची शुश्रूषा करणाऱ्या मीराबाईंनी मला चार वेळा फोन केला होता. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. मीराबाई म्हणाल्या, "कुमुदताई सारख्या विचारत होत्या, सर अजून बोलतायत का?"

नंतर याच खोलीत महेंद्ररावांनी हात जोडले. "डब्यापाशी मी बसलेलो. मला उठायला पाहिजे होतं." तुमच्यापैकी काहींनी त्यांना बोलही लावला. तेव्हापासून दर गुरुवारी हे कोलशेतला माझ्या इमारतीशी येतात, मला स्कूटरवरून इथे आणतात आणि परत गेटपाशी सोडतात. सहा वर्षांत एकदाही वर आले नाहीत, कारण मी कधी 'वर या' म्हटलं नाही. एकोणिसाव्या मजल्यावर माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही. रोज दोन कप विसळतो, लागतो एकच.

तुम्हाला वाटत असेल, आता सर महेंद्ररावांना जाहीर माफी देणार. नाही. अहो, ते उठले होते. तुमची सगळ्यांची पाठ दाराकडे होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. अशी. उघडू नका म्हणून. माझं भाषण रंगात आलं होतं.

हे आम्हा दोघांनाच ठाऊक. त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि मी घेऊ दिला. सहा वर्षं! त्यांना वर बोलावलं असतं तर हे बोलावं लागलं असतं, म्हणून मी एकटा राहिलो. फार एकटा राहिलो हो, सुमतीताई.

त्या दिवशी एक वाक्य बोलायचं राहून गेलं होतं. दाव्याला बांधलेलं वासरू आपलं आपण सुटत नाही, कुणीतरी येऊन गाठ सोडावी लागते. महेंद्रराव, तुमची गाडी उद्या सकाळची आहे. आज गेटवरून वळू नका. वर या, मी चहा टाकतो.

ताई, पाचाची आठ मिनिटं झाली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करा, हे वाक्य आयुष्यभर मी सवयीनं म्हणत आलो. आज महेंद्ररावांकडे बघून म्हणतो. बोलण्यात नाही, गप्प राहण्यात चुकलो. क्षमा करा.