पुष्पराणी आंटींची सीडी

लंडनजवळच्या इल्फर्डला बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं, तसे परीक्षितने कान टवकारले आणि चेहरा इंग्रज ठेवला.

"कस्तुरी, श्रीलंकेतल्या युद्धातून आलेल्या तुझ्या त्या पुष्पराणी आंटींच्या आठवणींचं रेकॉर्डिंग एकदम सुटसुटीत केलंय. आता एका सीडीत बसतं."

"यतीन, काय कापलंस तू?"

"एक शब्दही नाही गं. सॉफ्टवेअरने फक्त शांतता काढली."

"मुलाचं नाव घेतल्यावर त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या, ते?"

"तिथेच तर सगळ्यात जास्त जागा वाचली! किटलीची शिट्टी मात्र राहिलीय, तिचा आवाज मोठा होता."

"आणि मूळ फाईल?"

"तिच्यावरच सेव्ह केलं ना."

बस आली. रांग पुढे सरकली.

"अगं, बोल की काहीतरी."