चंदेरी बाटली नको

हॅलो?… कोण, ठमी? अगं, मला वाटलं काकाचा फोन. झालं का तुझ्या बाबाचं ऑपरेशन?… अजून आतच? सकाळी नेलंय त्याला, आता ऊन मागच्या गॅलरीत आलं… हो, हो, मोठं ऑपरेशन आहे, वेळ लागणारच. कळतं मला. तरी आपलं विचारते.

आणि तू कुठे आहेस? आईबरोबर?… घरी? एकटी?… खालच्या काकू आहेत होय. बरं. जेवलीस का काही?… माझं सोड गं. माझ्या घशाखाली चहा उतरला, तेवढं पुरे.

कसली मदत?… तो बुटका योद्धा? दाढीवाला? अगं, अंगठ्याएवढा तो पुतळा, अजून रंगवून नाही झाला? बाबा शुद्धीवर येईल तेव्हा उशाशी ठेवायचंय ना तुला?… हां, तलवार राहिली. ढाल बाबाची, तलवार तुझी. वाटणीच करून घेतलीत बापलेकींनी!

काय?… तलवार लोखंडाची कशी दाखवायची?… चंदेरी रंगाची बाटली उघडू? तू विचारतेस हे? अगं, सुट्टीत मी त्या बाटलीचं नुसतं झाकण फिरवलं, तर केवढी अंगावर आली होतीस माझ्या! ‘आजी, ही लबाडी आहे! चमक साध्या रंगांतून काढायची!’ माझंच वाक्य मला ऐकवत होतीस…

बरं, बरं. विसरतो माणूस. अशा दिवशी तर विसरणारच. सांगते. पहिल्यापासून सांगते, मला काय, जन्म गेला माझा चित्रकलेच्या वर्गात पहिल्यापासून सांगण्यात. बस नीट. दिवा जवळ घे. घेतलास?

आता सांग, उजेड कुठून येतो?… अगं, खोलीतला नाही, त्याच्या जगातला. त्याच्या डोक्यावर आभाळ आहे ना? मग सूर्य कुठे ते तू ठरव. डावीकडे वर? छान. आता तो सूर्य हलवायचा नाही. मधेच सूर्य हलवला की सगळं लोखंड खोटं पडतं.

मग राखाडी घे. काळा जास्त, पांढरा कमी, आणि निळ्याचं अगदी बोट लागल्याइतकं. दुधासारखा पातळ कर… हो, सगळ्या पात्याला एकच हात… कंटाळवाणं आहे, माहीत आहे मला…

थांब हं, मधेमधे टुंग टुंग वाजतंय. कुणीतरी लावतंय मला… बघू तरी दे कोण ते. तुझी आत्येआजी दिसते. तिला कुठे दम निघतोय… घेऊ नको? का गं?… बरं, नाही घेत. ओरडू नकोस एवढी. तुझं झालं की मी लावीन तिला.

कुठे होतो आपण? हां. आता पात्याच्या मधोमध जी रेघ आहे ना, तिच्या एका अंगाला वर उजळ आणि खाली काळं. दुसऱ्या अंगाला उलटं, वर काळं आणि खाली उजळ… अगं, का म्हणजे? लोखंड असंच असतं. नुसतं पांढरं फासलं तर ते खडूसारखं दिसेल. शेजारी गच्च काळं हवं, तेव्हा ते चमकतं.

बाबाच्या ढालीवरचा गंज बघ, तसा नको हं तलवारीला. तलवार नवी ठेव. त्याने स्पंजच्या तुकड्याने टिपून टिपून तो गंज दिला, आठवतं? हात किती थरथरत होता त्याचा. मी म्हटलं, अरे, गंज किती खरा आलाय! तर म्हणतो कसा, ‘आई, या दुखण्याचा एवढा तरी उपयोग.’ मेला, असलं बोलून हसवतो आणि मग…

ठमे? आहेस ना?… नाक का ओढतेस? सर्दी?… बरं.

हे मागे कोण बोललं? बाईचा आवाज आला, ‘नातेवाईकांनी काउंटरवर यावं’ असं काहीतरी… टीव्ही? काकूंचा टीव्ही. असेल.

ऐक ना, आवाज तुटतोय तुझा, मी पुढच्या गॅलरीत येते जरा… अगं, येऊ दे ना! गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत… का नको?… आले बघ. आता ऐकू येतंय स्वच्छ. बोल.

…हे काय? खाली काकाची गाडी उभी आहे. तो तर तुझ्या आईजवळ थांबणार होता… हो, त्याचीच, दाराला पोचा आहे ना. आतच बसलाय. उतरत का नाही हा? डोकं स्टिअरिंगवर टेकवून बसलाय…

काय म्हणालीस?… ‘पुढे सांग’?

सांगते हं. पुढे… पुढे कडेला पांढरी रेघ. केसाएवढी बारीक. त्याआधी ब्रश धुवून घे. धू.

…धुतलास?… नाही गं, मला नाही ऐकू आलं. आपण इतका वेळ बोलतोय, आणि ब्रश भांड्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज एकदाही आला नाही. तू तर मडकं फोडल्यासारखा आपटतेस. किती ओरडलेय मी त्यावरून… पुन्हा एकदा धू बघू. मला ऐकू दे.

ठमे?

नाहीये ना तुझ्या हातात ब्रश?

घरी नाहीस तू. दवाखान्यातच आहेस… नाही, नाही, मी रागावले नाही. मुळीच नाही. मला फोनवर धरून ठेव असं काकाने सांगितलं का?… तो पोचेपर्यंत. मधे दुसऱ्या कुणी फोन करून मला काही बोलू नये म्हणून… हो गं बाळा. चांगलं केलंस. फार चांगलं केलंस तू.

नाही. तू सांगू नकोस. ऐक माझं, ठमे, तोंड मीट आणि ऐक. ते तू सांगायचं नाही. ते काकाचं काम आहे, तो सांगेल मला. तुझ्या तोंडून एक अक्षर नको… रड. रडताना बोलावं लागत नाही. मी आहे इथे.

…

तलवार खरंच राहिलीय का गं?… कधीच झाली? परवाच? आणि आता कुठे आहे तो बुटका?… मुठीत. घट्ट धर. रंग उडाला तर उडू दे, आपण पुन्हा देऊ.

बाबाला दाखवलीस?… आत नेताना. बघितली त्याने? नीट बघितली?… काय म्हणाला?…

…‘आजीपेक्षा चांगली’?

खरं तेच बोलला तो. त्याला लोखंड कळायचं.

हो, वाजतेय बेल. ऐकली मी. उघडते… आई कुठे आहे तुझी?… बाकावर. कुणी आहे तिच्याजवळ?… नाही ना? मग तू जा. काही बोलू नकोस, नुसती टेकून बस तिला. आणि ती मूठ तिच्या हातात दे… आधी तू ठेव फोन… नाही ठेवत? बरं, मी ठेवते.

उघडते रे, उघडते. गुडघे आहेत मला.

ये… काही बोलू नकोस अजून. पोर फोनवर आहे.

ठमे, ठेवते हं.