लीलावती आजी पुन्हा हयात झाल्या

आदरणीय अध्यक्ष आशाताई, व्यासपीठावर बसलेले आपल्या नव्या कौन्सिलचे सदस्य मिस्टर विल्कॉक्स, आजच्या सत्कारमूर्ती वैभवीताई सोहोनी, त्यांचे यजमान अनुपराव, मंडळाचे आजीमाजी पदाधिकारी, आणि पार्किंग न मिळाल्यामुळे आत्ता कुठे आत येत असलेल्या बंधुभगिनींनो,

मिस्टर विल्कॉक्स यांना मराठी येत नाही. त्यांच्या शेजारी बसून आपली तनिषा भाषांतर करते आहे. तनिषा, मध्ये मध्ये तू थोडी मागे पडलीस तरी मंडळाची हरकत नाही.

वैभवीताई निवृत्त होऊन लेकीकडे लीड्सला निघाल्या आहेत. एकोणीस वर्षं त्या आपल्या टाऊन हॉलच्या काउंटरवर बसल्या. त्या काउंटरला टेकून उभं राहिलं नाही असं आपल्यात कोण आहे? तेव्हा आपल्याकडे दोन कौन्सिल्स, म्हणजे आपल्या भाषेत दोन नगरपालिकाच, होत्या: डिस्ट्रिक्ट आणि तिच्या वरची काउंटी. कचरा डिस्ट्रिक्टकडे, रस्ते आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल काउंटीकडे. माझ्या घरासमोर झाड पडलं, तेव्हा खोड रस्त्यावर होतं आणि फांद्या हिरवळीवर. काउंटीची माणसं आली, खोड घेऊन गेली, फांद्या नीट बाजूला रचून गेली. त्या फांद्यांचा वेगळा फॉर्म मला वैभवीताईंनी भरून दिला.

मग दोन्हींची मिळून एकच कौन्सिल करायची ठरली. लोकांची मतं विचारायला सभा भरली, तिथे मी स्वतः उठून बोललो. म्हटलं, आता एकच दार, एकच फोन नंबर. टाळ्याही पडल्या. एक एप्रिलला नवी कौन्सिल सुरू झाली. तारीख मी सुचवलेली नव्हती.

आपला काउंटर बंद झाला. शटरवर वेबसाइटचा पत्ता चिकटवला गेला आणि वैभवीताईंची बदली तीस मैलांवरच्या मुख्य कार्यालयात झाली.

आता तिसऱ्या रांगेतल्या लीलावती पाटणकर आजींकडे वळतो. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. पुरुषोत्तमरावांना जाऊन चार वर्षं झाली. आजींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून रोज सकाळी कौन्सिलची एक बाई येऊन त्यांना अंघोळ घालायची. ही सोय काउंटीच्या यादीत आजींच्या नावावर. घरामागचा कचऱ्याचा डबा उचलून न्यायची सोय डिस्ट्रिक्टच्या यादीत अजून पुरुषोत्तमरावांच्या नावावर. दोन्ही याद्या एकत्र करताना कॉम्प्युटरला दिसलं की पत्ता एक, आडनाव एक, आणि दोघांपैकी एक जण मयत. कोण, ते त्याने आपल्या मनाने ठरवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अंघोळ घालणारी बाई यायची थांबली. पाठोपाठ पुरुषोत्तमरावांना पत्र आलं, की आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल आम्ही दुःखी आहोत. आजींनी ते भिंगातून दोनदा वाचलं. पुढे मला म्हणाल्या, "लिहिलंय फार छान. वाईट वाटलं वाचून."

चार दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात सहा फुटी तरुण, हातात दाढीचं सामान. म्हणाला, "मिस्टर पाटणकरांची दाढी करायला आलोय." आजी म्हणाल्या, "ते नाहीत." त्याने विचारलं, "केव्हा येतील?"

आजींनी त्या एका नंबरवर फोन केला. पंचेचाळीस मिनिटं सतार ऐकली. सतारच होती, आपल्या लोकांसाठी मुद्दाम लावतात की काय कोण जाणे. मग एक मुलगी म्हणाली, "मिस्टर पाटणकरांच्या परवानगीशिवाय मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

शेवटी नवव्या दिवशी आजींनी वैभवीताईंना घरी फोन केला. वैभवीताईंनी दुसऱ्याच दिवशी रजा काढली. सकाळी आजींच्या घरी गेल्या, आधी त्यांना अंघोळ घातली, आणि मग दोन बस बदलून आपल्याच ऑफिसात नागरिकांच्या रांगेत त्यांना घेऊन उभ्या राहिल्या.

तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी पासपोर्ट पाहिला, आजींकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पत्त्याचा पुरावा लागेल. गेल्या तीन महिन्यांतलं, तुमचं नाव असलेलं पत्र." आता सगळी पत्रं पुरुषोत्तमरावांच्या नावाने. आजींनी पर्स उघडली आणि स्वतःच्या निधनाचं पत्र टेबलावर ठेवलं. "यात माझं नाव आहे, पत्ताही बरोबर आहे." साहेबांनी ते वाचलं, आणि काय करणार, पुरावा म्हणून दाखल करून घेतलं.

वैभवीताई साहेबांच्या शेजारी बसून नोंद दुरुस्त करू लागल्या, तेव्हा आजींनी त्यांचा हात धरला.

"वैभवी, मला जिवंत करायचं म्हणजे यांना परत घालवायला लागेल का गं? चार वर्षांनी यांच्या नावाने टपाल येतंय. सकाळी दाराशी पडलेलं असतं. बरं वाटतं."

साहेबांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? वैभवीताईंनी सांगितलं नाही. आजींना म्हणाल्या, "त्यांना कुठे घालवत नाही आजी. तुम्हा दोघांची नोंद वेगळी करते फक्त. आणि आलेली पत्रं तुमचीच आहेत, ती ठेवा." आजींनी हात सोडला. सोमवारपासून ती अंघोळ घालणारी बाई परत येऊ लागली. नंतर वैभवीताईंनी तीन आठवडे याद्या चाळून असेच आणखी अकरा हयात लोक शोधून काढले, असं मला अनुपरावांकडून कळलं. ताई स्वतः काही बोलल्या नाहीत.

वैभवीताई, मंडळ तुमचं ऋणी आहे. हॉल मिळवून देणाऱ्यांचे आणि सकाळपासून स्वयंपाकघरात असलेल्या मंडळींचे आभार.

बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून मी खाली उतरलो असतो. पण एक चूक नेमकी आहे, ती सांगायला हवी. बाई यायची थांबली त्या पहिल्याच दिवशी आजींनी फोन केला होता तो मला. मी म्हणालो, "आजी, नवी सिस्टीम आहे, थोडा धीर धरा." मग कामात विसरलो. ते नऊ दिवस आजी अंघोळीवाचून बसून होत्या. वैभवीताईंना हे माहीत आहे, आणि त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आजी, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. तुम्ही मान हलवलीत, ती होकाराची की डुलकीची, ते खाली येऊन विचारतो.

नमस्कार.