शिमिटातला वाख

माझं माहेर पौडच्या वर, डोंगरातली वाडी, धा-बारा घरं. बाप घायपाताची दोरं वळायचा. पानं पान्यात कुजवायची, ठेचायची, धुवायची, मग जो पांढरा धागा ऱ्हातो ना, त्यो वाख. बाप तंबाखू लई खायचा, पन चुना मळला की हात धुतल्याबगर वाखाला शिवायचा न्हाई. म्हनायचा, सखू, चुना दोर खातो.

लगीन होऊन खाली मान गावाला आले, आनि मग काय सांगू तुमाला, शेतं गेली नि इमारती आल्या, तवापासनं मी बांधकामावर माल कालवते. तितं एक इंजिनेर मॅडम हुत्या. त्या म्हनल्या मावशी, टाक्यांच्या पातळ शिमिटाच्या झाकनांत सळईच्या जागी वाख घालून बघू. मी म्हनलं व्हय, वाडीवरनं आनते की. मुकादम हसला, म्हनला सखूबाई आता शिमिटाचा दोर वळनार. मला मातर लई भारी वाटत हुतं, बापाचं काम एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत, म्हनून बापाचं चुन्याचं बोलनं तोंडावर आलेलं मी गिळलं. आवं, शिमिटात बी चुनाच, त्यानं माझे हात खाल्लेले मला दिसत हुते, त्ये वाखाला कसं सोडंल?

पयलं झाकान हौसेनं माझ्याच दारात आनलं, जमिनीतल्या पान्याच्या टाकीवर बसवलं. दोन पावसाळे गेले. सून रोज त्याच्यावर उभी ऱ्हाऊन धुनं वाळत घालायची, तवा ती पोटुशी. एका सकाळी तिच्या आदी शेळी चढली नि झाकान मधोमध मोडलं, शेळी पान्यात. शेळी वढून काढली, तुकडा हातात घेतला, तर त्यातला वाख वाळक्या गवतावानी कटकन तुटला. आनि सून दारात बादली घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी मॅडमला सगळं सांगितलं, बापाच्या चुन्याचं बी. त्या म्हनल्या मावशी, आदी बोलायचं की वो. मग दोघींनी मिळून माझ्या टाकीसाठी नवं झाकान केलं, त्यात शिमिट कमी केलं, भाताच्या तुसाची बारीक राख घातली, ती चुना आपल्यात वढून घेती म्हनं.

तरी किती वर्सं टिकंल त्ये त्यांनाबी सांगता येत न्हाई. म्हनून दर पावसाळा सरला की आदी मी चढते, दोन उड्या मारते, मग सून. नात चालाया लागली तशी तिला बी तेच शिकवलंय, आदी आजी, मग तू. तीन सालं झाली, हाय अजून.

आता च्या घ्या. तितं झाकनावरच बसा सावलीला, मी सकाळीच उभी ऱ्हाऊन बघितलंय.