शेवटची बाई

नागभीडहून सुटलेल्या बसमध्ये रंभाच्या पुढच्या बाकावर माय-लेकी बोलत होत्या.

"मोहफुलं वेचाले जाताना वाघानं याहीवेळी रांगेतल्या शेवटच्याच बाईले धरलं, माय."

"मंग शेवटच्या बाईनं जाऊच नाई."

"ती घरी राह्यली तं तिच्या पुढची शेवटची होते."

"तिलेबी घरी ठेवू."

"मंग तिच्या पुढची. कितीही कमी करा, शेवटी कोणीतरी राह्यतेच."

"मंग मोह कोण वेचन?"



फाट्यावर तिघी उतरल्या. गावाकडं जाणारी जंगलातली वाट एकीपुरतीच होती. मायनं लेकीला पुढं घातलं आणि रंभासाठी बाजूला सरकली.

"तुमीबी व्हा पुढं, बाई."

रंभा पुढं झाली.