पायथा नसलेला किल्ला

अमेरिकेतल्या सेंट ऑगस्टिनच्या किल्ल्याच्या तिकिटांच्या रांगेत स्वानंदीच्या कानावर अचानक मराठी पडलं. पुढे एक आजी-आजोबा उभे होते. आजोबांच्या पायात चक्क ट्रेकिंगचे बूट होते.

“अहो, किल्ला कुठाय?”

“हा काय समोर. आपल्या ईशानने करून दिलेल्या लिस्टमध्ये फोटो आहे.”

“हा तर रस्त्यालाच लागून आहे. चढ कुठाय?”

“मागच्या बाजूने असेल.”

“मागे समुद्र आहे.”

“मग चढ नसेल.”

“किल्ला आणि चढ नाही?”

“मलाही तेच कळत नाहीये. मी गुडघ्याला पट्टा बांधून आलोय.”

“बरं, तुम्ही जाऊन या. पाण्याची बाटली घ्या, बाकीच्या पिशव्या माझ्याकडे द्या.”

“का? तू कुठे निघालीस?”

“कुठे म्हणजे? राजगड झाला, तोरणा झाला, मी खालीच बसत आले ना पिशव्या घेऊन? आधी ईशान कडेवर होता, मग माझे गुडघे गेले.”

“अगं, पण इथे पायथाच नाहीये, रत्ना.”

रांग सरकली. आजी जागच्या हलल्या नाहीत. पुढे व्हावं की थांबावं, स्वानंदीला कळेना.

“मग मी बसू कुठे?”