दुसरीची चूल

आत्या : मी काही वाईट केलेलं नाही. पातेलं काळं होतं, घासलं. एवढ्यावरून बाईनं तोंड फुगवून मागच्या दारी जाऊन बसायचं म्हणजे कमाल झाली!

भाची : नुसतं पातेलं घासलंस? तिची चूल पेटवलीस, तिचे कंद उकडलेस, आमच्या फिरायला आलेल्या सगळ्या टोळीला उठवून खाऊ घातलंस. ती बिचारी लाकडं घेऊन घरात येते, तर पंगत उठलेली!

आत्या : सगळे भुकेले होते. तो तुमचा चष्मेवाला काल दिवसभर जंगलात तंगडतोड करून आला, पोट पाठीला लागलं होतं त्याचं. आणि मला उजाडायच्या आत जाग येते, त्याला मी काय करू? जन्म खानावळीत गेला माझा.

भाची : आत्या, ही खानावळ नाही. परका देश आहे, परकं गाव आहे, आणि आपण या बाईच्या घरी पाहुण्या आहोत.

आत्या : पाहुण्या म्हणून काय हातावर हात ठेवून बसायचं? मला नाही जमत.

भाची : वाटाड्या मघाशी तिची समजूत काढत होता. मला म्हणाला, तिला फार लागलंय. म्हणतेय, म्हातारीला माझ्या हातचं खायचं नव्हतं.

आत्या : म्हातारी कोण?

भाची : आत्या!

आत्या : नाही, आपलं विचारलं. ती मोठी सोळा वर्षांची लागून गेली! आणि तिच्या हातचं नको, असं मी कधी म्हटलं?

भाची : काल तिनं ताट वाढून तुझ्यापुढे ठेवलं. तू उभ्या उभ्या दोन घास तोंडात कोंबलेस, तिच्या हातातला डाव घेतलास आणि सगळ्यांना वाढत सुटलीस. सकाळी हे असं. तिनं काय समजायचं?

आत्या : मी उभीच जेवते. गिऱ्हाईक पानावर असताना बूड टेकायची सवय नाही मला.

भाची : ते तिला कुठून कळणार? बरं, एक सांग. तुझ्या खानावळीत एखादं गिऱ्हाईक सकाळी सकाळी आत घुसलं असतं, तुझी चूल पेटवून तुझ्या डब्यांत हात घातला असता, आणि वर तुझी कढई घासून पालथी घातली असती, तर?

आत्या : तंगडी मोडून हातात दिली असती.

भाची : मग?

आत्या : हसू नकोस.

भाची : मी कुठं हसतेय?

आत्या : दात दिसतायत. पातेलं मात्र लख्ख झालंय, ते कोणी बोलत नाही.

भाची : पाय इकडे कर. लुगड्याखाली लपवू नकोस, तुला चालताना बघितलंय मी. अगं बाई! गुडघा आहे की भोपळा?

आत्या : मुका मार आहे. काल त्या ओढ्यातल्या दगडावरून घसरले ना, तेवढंच. फडकं आवळून बांधलं की चालू लागेन.

भाची : चालू लागशील! इथून पुढे नुसती चढण आहे. मुळं धरून धरून चढायचं. वाटाड्या म्हणतो, या पायानं तुला नेणार नाही म्हणजे नाही.

आत्या : त्याचं काय जातंय म्हणायला?

भाची : तुला उचलून आणायला त्यालाच लागणार ना. तो म्हणतो, तू इथंच राहा. टोळी धबधब्यापाशी मुक्काम करून उद्या याच गावात परत येईल. मी त्याला सांगून टाकलं, मीही येत नाही.

आत्या : काय सांगितलंस?

भाची : नाही जात. तुला टाकून नाही जायची.

आत्या : टाकून? मी काय गाठोडं आहे, टाकायला? ऊठ, ती पिशवी अडकव पाठीला. मुलं खोळंबलीत तुझ्यासाठी.

भाची : धबधबा मला बघायचाच नव्हता, तुला दाखवायचा होता. खानावळीत चुलीवरच्या भिंतीवरचं ते कॅलेंडर आठवतंय? साल संपलं तरी तू ते काढलं नाहीस. झाडीच झाडी आणि मधोमध पांढरं पाणी. धुरानं पार तपकिरी झालं, तरी ते तिथंच.

आत्या : खिळा पक्का बसला होता. भिंतीचा पोपडा निघाला असता.

भाची : खोटं बोलू नकोस. मला भरवताना तू त्याच्यापुढे धरायचीस. एक घास खाल्ला की या झाडाखाली गेलीस, दुसरा खाल्ला की पाण्यात पाय बुडवलेस. आई गेल्यावर मी जेवतच नव्हते ना. आणि मी म्हणायचे, मोठी झाले की नेईन तुला तिथं.

आत्या : म्हणायचीस. नाकाला शेंबूड आणि गोष्टी केवढ्या!

भाची : मग? एवढ्या लांब आणली तुला, आणि आता दारातून परत फिरायचं? तुझ्याशिवाय जाऊन मी काय करू तिथं?

आत्या : इकडे ये. बस अशी समोर. हे बघ, खानावळीत इतकी वर्षं रांधलं, पण गरम असताना कधी चवीनं खाल्लं नाही. वेळच कुठं होता? मग मला कसं कळायचं भाजी कशी झालीय?

भाची : कसं?

आत्या : पडद्याआडून बघायची. पहिला घास घेतला की माणसाच्या तोंडावर सगळं उमटतं. मीठ कमी असलं तरी कळतं, घरची आठवण झाली तरी कळतं. तू जा. बघून ये आणि माझ्यासमोर उभी राहा. मला कळेल पाणी कसं होतं ते.

भाची : तसं नाही चालत, आत्या.

आत्या : तसंच चालत आलंय. तुझं शिक्षण मी असंच घेतलं की! निकालाचा कागद मला कुठं वाचता येत होता?

भाची : पण इथं एकटी कशी राहशील? तुझं आणि तिचं एक अक्षर जुळत नाही, त्यात ती रागावलेली.

आत्या : भांडायला भाषा लागत नाही. आम्ही बघून घेऊ.

भाची : म्हणूनच तर भीती वाटतेय मला! परत आल्यावर बघायला मिळायचं, तिचं पातेलं तुझ्या डोक्यात नाहीतर तुझं…

(घरची बाई आत येते. तिच्या हातात वाटी आहे.)

आत्या : आली बघ. वाटीत काय आहे? विषबिष तर नाही?

भाची : पाला वाटून गरम केलाय. तुझ्या गुडघ्याकडे बोट दाखवतेय.

आत्या : नको म्हणावं. ए बाई, नको, नको! अगं, सांग तिला, माझ्या पायाला कोणी हात लावत नाही. मी लावीन माझं मी. दे इकडे वाटी.

भाची : देत नाहीये.

आत्या : हट्टी दिसतेय.

भाची : अगदी. कोणासारखी, ते विचारू नकोस.

आत्या : पाय मांडीवर घेतला की गं हिनं! मातीनं भरलाय पाय बाई, कपडे खराब होतील तुझे…

भाची : चटका बसतोय?

आत्या : नाही.

भाची : दुखतंय?

आत्या : नाही.

भाची : मग बोलत का नाहीस?

आत्या : जरा गप्प बस.

भाची : बरं. वाटी मी धरते.

आत्या : हात हलका आहे हिचा. आई माझी असा हात फिरवायची. त्यानंतर कोणी नाही.

भाची : आत्या, ती ताट घेऊन आली. तुझ्या एकटीपुरतंच आहे. आता डाव हिसकावून घेऊ नकोस.

आत्या : उठता येत नाही, हिसकावते कसली? ठेव बाई, ठेव इथं. हं. गरम आहे.

भाची : कसं झालंय?

आत्या : मीठ कमी आहे.

भाची : आत्या!

आत्या : तिला सांगू नकोस. पण भात छान मोकळा झालाय. असा माझाही होत नव्हता. आणि भाजीत काय घातलंय कोण जाणे, पोट कसं शांत होतंय.

भाची : ती समोर बसून तुझ्याकडे टक लावून काय बघतेय गं?

आत्या : तोंड बघतेय माझं.

भाची : मग? लपवणार?

आत्या : बघू दे. तिनं रांधलंय, तिचा हक्क आहे. ते बघ, हसली. ऐक, शिट्टी मारतायत तुझ्या नावानं. नीघ आता.

भाची : खरंच जाऊ?

आत्या : जा. आणि पाण्यापाशी घाई करू नकोस, पाय बुडवून बस चांगली.

भाची : तिला काही सांगायचंय? वाटाड्याकडून निरोप देते.

आत्या : तिला म्हणावं, आणखी थोडं वाढ.